‘हॅव’चा पेच आणि गिरगावचे दादोबा

खास प्रतिनिधी

गिरगावच्या इतिहासात दादोबा नावाच्या दोन व्यक्ती ठळकपणे दिसतात. एक दादोबा वामन खोत. पाठारे प्रभू समाजातील या गृहस्थांच्या आडनावावरून खोताची वाडी ओळखली जाते. त्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि लाकडी जिने, कौलारू छपरे व पुढे ओसरी असलेली घरे तेथे उभी राहिली. दुसरे दादोबा पांडुरंग तर्खडकर. त्यांचा जन्म वाडीपासून चालत जाता येईल अशा अंतरावरच्या खेतवाडीतला. त्यांनी वाडी वसवली नाही. मराठीचे व्याकरण लिहिले. ‘मराठी भाषेचे पाणिनी’ ही पदवी लोकांनी त्यांना दिली ती त्यामुळेच.

खोताच्या वाडीत मराठी आणि इंग्रजी या दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. ईस्ट इंडियन घरांत मराठीचीच एक गोड बोली आणि तिच्या जोडीला इंग्रजी, तर समोरच्या प्रभू घरांत मराठी आणि नोकरीपेशापुरती इंग्रजी. एका बोळात दोन भाषा सहज ऐकू येत असतानाही मराठी माणसाला इंग्रजी शिकताना एक अडथळा आजही हमखास लागतो. तो अवघड शब्दांचा नसतो. तो असतो ‘हॅव’ या अगदी साध्या, दिवसातून शंभरदा लागणाऱ्या क्रियापदाचा. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य मुंबईत कोणत्याही मुलाखतीत, बँकेत, लोकलच्या डब्यात ऐकू येते. बोलणारा पदवीधर असतो, त्याचा शब्दसंग्रह चांगला असतो, तरीही तो येथे अडखळतो.

हे असे का होते, याचे उत्तर इंग्रजीच्या पुस्तकात जितके सापडते, त्याहून अधिक मराठीच्या व्याकरणात सापडते. आणि मराठीचे व्याकरण मराठी मुलांच्या हाती मराठीतूनच पोहोचले, त्याचे मोठे श्रेय खेतवाडीत जन्मलेल्या या दुसऱ्या दादोबांकडे जाते. त्यांच्या आयुष्याची कहाणी म्हणूनच केवळ पुराणवस्तू म्हणून वाचण्याजोगी नाही.

खेतवाडीतील बालपण

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी झाला. वडिलांचे नाव पांडुरंग, आईचे यशोदाबाई. तर्खडकर हे आडनाव वसईजवळच्या तर्खड गावावरून आले. पेशवाई अद्याप संपावयाची होती, पण मुंबईवर इंग्रजांचा अंमल पक्का झालेला होता. दादोबांच्या पाठीवर १८१६ साली भास्कर आणि १८२३ साली आत्माराम हे भाऊ जन्मले. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या वैचारिक इतिहासात एकाच घरातील तिघा भावांनी असा ठसा उमटविल्याची उदाहरणे थोडी आहेत.

त्या काळी मुलाचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत सुरू होई. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, पाढे आणि पावकी-निमकी घोकावयाची, मोडी वाचावयाची, एवढा तो अभ्यास. मराठी ही बोलण्याची आणि हिशेब लिहिण्याची भाषा होती. तिचे व्याकरण असते आणि ते मुलांना शिकवावयाचे असते, ही कल्पनाच त्या शाळेत नव्हती. व्याकरण म्हणजे संस्कृतचे, आणि ते शास्त्रीमंडळींनी पढावयाचे, असा समज होता.

हे चित्र बदलू लागले ते १८२२ नंतर. त्या वर्षी मुंबईत शाळा आणि शाळापुस्तकांसाठी एक मंडळी स्थापन झाली. पुढे १८२७ साली ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यामागे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा पाठिंबा होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारखी माणसे मराठी पुस्तके तयार करविण्याच्या कामास लागली होती. याच सोसायटीच्या इंग्रजी शाळेत दादोबा शिकले. हीच परंपरा पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये विलीन झाली.

दादोबा इंग्रजी शिकू लागले तेव्हाच्या अडचणींची कल्पना आज करणे कठीण आहे. मोल्सवर्थ यांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ सांगणारा मोल्सवर्थ आणि कँडी यांचा मोठा कोश तर १८४७ साली आला. दादोबांपेक्षा दोन वर्षांनी वडील असलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा कोठे एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी असा मजकूर मुंबईकरांच्या हाती पडू लागला. तोवर इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला पाठांतराखेरीज फारसा उपाय नव्हता.

पाठांतराने न सुटणारी गाठ

पाठांतराने शब्द येतात, क्रियापद येत नाही. ‘हॅव’ या एका शब्दावरून हे स्पष्ट होते.

मराठी माणूस म्हणतो, ‘मला दोन भाऊ आहेत.’ या वाक्यात ‘आहेत’ हे क्रियापद भावांविषयी बोलते. भाऊ दोन, म्हणून ‘आहेत’. एकच असता तर ‘आहे’ झाले असते. बोलणारा ‘मी’ येथे ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. इंग्रजी मात्र त्याच माणसाला वाक्याच्या मध्यभागी आणते. तो कर्ता होतो आणि भाऊ हे त्याच्या ताब्यातील कर्म होते : ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ ‘हॅव’ या क्रियापदाला मराठीत सरळ जोडीदारच नाही. ‘माझ्याजवळ छत्री आहे’, ‘घराला तीन खिडक्या आहेत’, ‘तिला ताप आहे’, ‘आज आम्हांला सुट्टी आहे’ या चार वाक्यांत मराठीने ‘जवळ’ आणि ‘ला’ असे शब्द आणि प्रत्यय वापरून काम भागविले आहे. इंग्रजी या चारही ठिकाणी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ वापरते.

यातून पहिली चूक जन्माला येते. ‘तिला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य मनात असताना विद्यार्थ्याचे लक्ष भावांच्या संख्येकडे ओढले जाते आणि तो ‘शी हॅव टू ब्रदर्स’ म्हणून मोकळा होतो. इंग्रजीला भावांच्या संख्येशी कर्तव्य नसते. ‘शी’ एक आहे, म्हणून ‘हॅज’ हवे, मग भाऊ दोन असोत वा पाच.

दुसरी चूक ‘आय ॲम हॅविंग’ची. ‘हॅव’ या शब्दाचे इंग्रजीत दोन व्यवहार आहेत. एक स्थिती सांगण्याचा आणि दुसरा कृती सांगण्याचा. भाऊ असणे, घर असणे, ताप असणे ही स्थिती आहे. तेथे ‘हॅविंग’ चालत नाही. चहा घेणे, जेवण करणे, आंघोळ करणे या कृती आहेत; तेथे ‘आय ॲम हॅविंग टी’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. ओळखावयाची खूण मराठीतच आहे. मराठी वाक्यात नुसते ‘आहे’ येत असेल तर इंग्रजीत साधे ‘हॅव’ वापरावे. मराठीत घेणे, करणे, खाणे, होणे अशी कृती चालू असल्याचे सांगणारे क्रियापद येत असेल तर ‘हॅविंग’ला वाव आहे. ‘मला ताप आहे’ म्हणजे ‘आय हॅव फीव्हर’. ‘मी चहा घेत आहे’ म्हणजे ‘आय ॲम हॅविंग टी’.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. ‘मी काल दादरला गेलो होतो’ हे मराठीत नेहमीचे वाक्य. त्यातील ‘होतो’ पाहून विद्यार्थी ‘आय हॅड गॉन’ अशी जुळवणी करतो. पण काल घडून गेलेली एक साधी गोष्ट सांगावयाची तर इंग्रजी ‘आय वेंट टु दादर यस्टरडे’ एवढेच म्हणते. ‘हॅड’ लागते ते भूतकाळातील एका घटनेच्याही आधी दुसरी घटना घडली असेल तेव्हा. मी स्थानकावर पोहोचलो, त्याआधीच गाडी गेली होती, येथे गाडीच्या जाण्याला ‘हॅड’ शोभते. मराठीचा ‘होतो’ इंग्रजीच्या ‘हॅड’पेक्षा कितीतरी सढळ आहे.

चौथी गाठ प्रयोगाची. ‘मी आंबा खाल्ला आहे’ आणि ‘मी पोळी खाल्ली आहे’ या वाक्यांत बोलणारा एकच, पण क्रियापद बदलले. ते आंब्याप्रमाणे आणि पोळीप्रमाणे फिरले. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘आय हॅव ईटन’च राहते. मराठी येथे ‘असणे’ या क्रियापदाचा आधार घेते, तर इंग्रजी ‘हॅव’चा. ज्याला आपल्या भाषेतील हे फिरणे दिसले नाही, त्याला इंग्रजीचे न फिरणेही कळत नाही.

या सर्व गोष्टी सांगण्यासाठी कर्ता, कर्म, क्रियापद, काळ, प्रयोग हे शब्द लागतात. आज ते शाळेतील कोणत्याही मुलाला ठाऊक आहेत. १८२५ च्या सुमारास मुंबईतील मराठी मुलाला ते आपल्या भाषेसंबंधी कोणी शिकवीत नव्हते. त्याने इंग्रजीचे व्याकरण इंग्रजी शब्दांत पाठ करावयाचे आणि स्वतःच्या भाषेला व्याकरणच नाही असे मानून चालावयाचे, अशी स्थिती होती.

बाविसाव्या वर्षीचे व्याकरण

१८३६ साली दादोबांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. त्याआधी मराठीची व्याकरणे नव्हती असे नाही. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरे यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले होते. पुढे आणखी काही झाली. परंतु ती मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबांसाठी होती. मराठी मुलाने आपली भाषा मराठीतून समजून घ्यावी, या हेतूने लिहिलेल्या पहिल्या व्याकरणांत दादोबांच्या पुस्तकाची गणना होते. त्याच सुमारास गंगाधरशास्त्री फडके यांनीही मराठीतून व्याकरण लिहिले. पण शाळाशाळांतून जे रुजले ते दादोबांचे.

त्यांची रीत दुहेरी होती. इंग्रजी शाळांतून त्या काळी लिंडले मरे यांच्या १७९५ साली निघालेल्या व्याकरणाचा मोठा दबदबा होता. शब्दांच्या जाती वेगळ्या काढावयाच्या, त्यांच्या व्याख्या द्यावयाच्या, मग उदाहरणे, ही मांडणी दादोबांनी इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर केली. विभक्ती, समास आणि प्रयोग यांची परिभाषा मात्र संस्कृतातून घेतली. मराठी क्रियापद कधी कर्त्याच्या मागे जाते, कधी कर्माच्या मागे जाते आणि कधी कोणाच्याच मागे न जाता स्वतंत्र राहते, ही वस्तुस्थिती कर्तरी, कर्मणी आणि भावे या तीन नावांखाली मुलांपुढे आली. आज शाळेत शिकविल्या जाणाऱ्या व्याकरणाच्या परिभाषेचा बराच मोठा भाग रूढ होण्यास दादोबांचे पुस्तक कारण झाले.

या दुहेरी रीतीवर टीकाही झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’तून दादोबांच्या व्याकरणाचे परखड परीक्षण केले. इंग्रजी आणि संस्कृत या दोन साच्यांत मराठी पुरती बसत नाही, हा आक्षेप पुढेही अनेकांनी घेतला. १९११ साली मोरो केशव दामले यांनी आपले विस्तृत ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले, तेव्हा दादोबांची अनेक मते तपासून पाहिली गेली. पण तपासण्यासाठी आधी काहीतरी लिहिलेले असावे लागते, आणि ते दादोबांनी लिहून ठेवले होते. स्वतः दादोबांनीही आपले पुस्तक पूर्ण झाले असे कधी मानले नाही. ते सुधारून, वाढवून त्यांनी पुन्हा पुन्हा काढले, १८६५ साली लहान मुलांसाठी ‘मराठी लघु व्याकरण’ लिहिले आणि आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, मोठ्या व्याकरणाची ‘पूरणिका’ दिली. पंचेचाळीस वर्षे एकच विषय मनात वागविणे ही साधी गोष्ट नव्हे.

सुरतेची शाळा

पुस्तक लिहून पोट भरत नव्हते. दादोबांनी माळव्यातील जावरा संस्थानात तरुण नबाबाचे शिक्षक म्हणून काम केले, मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी केली आणि १८४२ च्या सुमारास ते सुरतेच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून गेले.

सुरतेत विद्यार्थ्यांची भाषा गुजराती. तेथेही इंग्रजीचा पेच तोच. गुजरातीही ‘हॅव’चे काम ‘छे’वर भागविते आणि खाल्लेल्या वस्तूप्रमाणे क्रियापद फिरविते. एका भाषेत लागलेली ठेच दुसऱ्या भाषेच्या मुलांनाही लागते, कारण दोन्ही भाषांची घडण सारखी आहे. मराठी व्याकरणकाराला सुरतेच्या वर्गात उभे राहून इंग्रजी शिकवावे लागले, ही घटना म्हणूनच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सुरतेतील वास्तव्यात दादोबांचे दुसरे रूप प्रकट झाले. तेथील शिक्षक दुर्गाराम मेहता आणि इतर सोबत्यांसह त्यांनी २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. जातिभेद, भूतपिशाच, मंत्रतंत्र यांवर तेथे उघड चर्चा होई. धर्माविषयीचे आपले विचार त्यांनी ‘धर्मविवेचन’ या ग्रंथात मांडले. ते पुस्तकरूपाने १८६८ साली बाहेर आले.

शिक्षकांचे शिक्षक

१८४६ साली बाळशास्त्री जांभेकरांचे अकाली निधन झाले. त्याच वर्षी दादोबा मुंबईस परतले आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आता ते मुलांना नव्हे, तर मुलांना शिकविणाऱ्यांना शिकवू लागले.

नेमक्या त्याच काळात मुंबई इलाख्यात एक मोठा वाद पेटला होता. १८४० साली सरकारने शिक्षण मंडळ नेमले होते. त्याचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीतून शिक्षण देण्याकडे होता. उच्च ज्ञान देशी भाषांतून देता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या विरुद्ध बाजूस कर्नल जर्व्हिस होते आणि त्यांच्यासोबत मंडळाचे हिंदी सभासद, गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहिम मखबा होते. लोकांना ज्ञान द्यावयाचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, इंग्रजी जरूर शिकवावी पण ती सर्वांच्या ज्ञानाचे दार अडवून बसता कामा नये, अशी या पक्षाची भूमिका होती. १८४७-४८ मध्ये हा वाद ऐन भरात होता.

वादाच्या दोन्ही बाजूंना शिक्षकाची गरज होती, आणि शिक्षकाला साधनांची. मराठीतून शिकवावयाचे तर मराठीचे व्याकरण हवे होते. इंग्रजी शिकवावयाची तरी तेच व्याकरण हवे होते. कारण इंग्रजीतील कर्ता आणि क्रियापद यांचा संबंध मराठी मुलाला समजावून सांगणारा मास्तर, मराठीत तो संबंध कसा चालतो हे न जाणता फार पुढे जाऊ शकत नव्हता. नॉर्मल वर्गातून बाहेर पडलेले शिक्षक इलाख्यातील गावोगावच्या शाळांत गेले. दादोबांचे व्याकरण महाराष्ट्रभर पसरले ते केवळ छापखान्यातून नव्हे, या शिक्षकांच्या तोंडूनही.

१८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या मंडळाची मराठी शाखा ‘ज्ञानप्रसारक सभा’ म्हणून सुरू झाली. तिचे अध्यक्ष दादोबाच होते. विज्ञान, इतिहास, समाजरीती या विषयांवर मराठीतून निबंध वाचण्याची प्रथा तिने पाडली. इंग्रजीतून मिळविलेले ज्ञान मराठीत उतरविण्याचा तो सराव होता. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, ‘परमहंस सभा’ स्थापन झाली. जातिभेद न मानणाऱ्यांची ही गुप्त मंडळी. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन सभासद होण्याची तिची रीत प्रसिद्ध आहे. रूढीच्या भयाने सभेचे काम गुप्तच राहिले आणि सभासदांची नावे उघड होताच १८६० च्या सुमारास ती विखुरली. प्रवाह मात्र आटला नाही.

१८५२ साली दादोबा शिक्षणखाते सोडून अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांच्या बंडाळीच्या काळात केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. शिक्षकाच्या नोकरीपेक्षा सरकारी अधिकाऱ्याची प्रतिष्ठा मोठी होती. तरी लोकांच्या स्मरणात रावबहादूर डेप्युटी कलेक्टर राहिले नाहीत. व्याकरणकार दादोबाच राहिले.

तिघे भाऊ आणि एक कन्या

इंग्रजी भाषा कशासाठी शिकावयाची, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे तर्खडकरांच्या घरातच दिसतात. धाकटे बंधू भास्कर यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘अ हिंदू’ या टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजी राज्याने हिंदुस्थानची कशी लूट चालविली आहे, हे इंग्रजांच्याच भाषेत सुनावले. दादाभाई नौरोजींच्या प्रसिद्ध मांडणीच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. भास्कर १८४७ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारले. परक्याची भाषा चाकरीसाठी शिकणारे पुष्कळ होते. तिच्यातून राज्यकर्त्यांना जाब विचारणारे थोडे.

सर्वांत धाकटे डॉ. आत्माराम पांडुरंग. १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. समाजाचे मंदिर गिरगावात उभे राहिले आणि त्या नाक्याला मुंबईकर आजही ‘प्रार्थना समाज’ म्हणतात. १८७९ साली ते मुंबईचे शेरीफ झाले आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत ते होते.

आत्माराम यांची कन्या अन्नपूर्णा हिचा उल्लेख या विषयात विशेष करावा लागेल. १८७८ साली बंगालमधून एक सतरा वर्षांचा तरुण विलायतेस जाण्यापूर्वी मुंबईत आत्माराम यांच्या घरी येऊन राहिला. त्याच्या वडीलबंधूंनी, सत्येंद्रनाथांनी, त्याला तेथे धाडले होते ते इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून. इंग्लंडला जाऊन आलेल्या अन्नपूर्णाने त्याला इंग्रजी संभाषण आणि तिकडच्या रीती शिकविल्या. तो तरुण म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर. त्याने तिला ‘नलिनी’ हे नाव दिले. पुढे नोबेल पारितोषिकाचा मानकरी झालेल्या कवीलाही इंग्रजीसाठी कोणाजवळ तरी बसून सराव करावा लागला होता, हे चुकण्याच्या भीतीने गप्प राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. अन्नपूर्णाचा विवाह १८८० साली हॅरॉल्ड लिटलडेल यांच्याशी झाला. १८९१ साली एडिंबरा येथे तिचे निधन झाले.

अखेरची वर्षे आणि मागे उरलेले

निवृत्तीनंतर दादोबा पुन्हा लेखनाकडे वळले. १८६५ साली मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी विस्तृत टीका लिहिली आणि तिला आईवडिलांच्या नावांवरून ‘यशोदा पांडुरंगी’ हे नाव दिले. एका व्याकरणकाराने कवीचे शब्द कसे वाचावेत, याचा तो नमुना आहे. १८७८ मध्ये स्वीडिश तत्त्वज्ञ स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांविषयी त्यांनी इंग्रजीतून पुस्तक लिहिले. १८८० साली ‘पारमहंसिक ब्राह्मधर्म’ आले. मराठीत व्याकरण आणि टीका, इंग्रजीत तत्त्वचिंतन, असा दोन्ही भाषांत त्यांचा संचार शेवटपर्यंत चालू होता. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी लिहून ठेवलेले आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी संपादित करून १९४७ साली प्रसिद्ध केले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईचे एक मोलाचे दर्शन मराठी वाचकाला घडले.

तर्खडकर हे आडनाव पुढील पिढ्यांच्या तोंडी राहिले ते आणखी एका कारणाने. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर शिकविणारी ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ विसाव्या शतकात घरोघरी होती. ती दादोबांची नव्हे. दोन्हींची गल्लत पुष्कळदा केली जाते. तरीही त्या पाठमालेमागचे तत्त्व दादोबांच्या कार्याशी नाते सांगणारे आहे. मराठी वाक्य समोर ठेवा, त्यातील क्रियापद कोणाशी बोलते ते पाहा आणि मगच इंग्रजी वाक्य रचा, असा तो मार्ग होता. पुढे इंग्रजी शिकविताना मातृभाषेला हात लावू नये, असा विचार बळावला आणि भाषांतराच्या पाठांना जुनाट ठरविले गेले. ऐकून आणि बोलून भाषा लवकर येते, यात शंका नाही. परंतु ज्याच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडत नाही, त्याच्या मनात मराठी वाक्य आधी उमटते, ही वस्तुस्थिती नाकारून चालत नाही. ‘आय ॲम हॅविंग’ हे त्या नाकारण्याचेच फळ आहे.

इंग्रजी माध्यमाकडे मुंबईतील मराठी पालकांचा ओढा आज मोठा आहे. १८४७ साली पेरी आणि शंकरशेट यांच्यात झालेला वाद एका अर्थी प्रत्येक घरात, शाळाप्रवेशाच्या वेळी, नव्याने होतो. त्यात मराठीचे व्याकरण हा गुणांपुरता उरकावयाचा विषय झाला आहे. प्रयोग ओळखा, एक गुण. काळ ओळखा, एक गुण. त्याच प्रयोगाच्या ज्ञानाने इंग्रजीचे ‘हॅव’ आणि ‘हॅज’ सुटतात, हे मुलाला कोणी सांगत नाही. आठवीतल्या मुलाला एका पानावर ‘मला ताप आहे’, ‘मी चहा घेत आहे’, ‘मी चहा घेतला आहे’, ‘मी काल चहा घेतला होता’ आणि ‘मला जायचे आहे’ ही पाच वाक्ये लिहून द्यावीत, प्रत्येकात क्रियापद कोणामागे जाते ते शोधावयास सांगावे आणि शेजारी इंग्रजी वाक्ये मांडावीत. पहिल्याला ‘हॅव’, दुसऱ्याला ‘ॲम हॅविंग’, तिसऱ्याला ‘हॅव हॅड’, चौथ्याला नुसते ‘हॅड’ आणि पाचव्याला ‘हॅव टु गो’. वर्षभराच्या घोकंपट्टीने जे साधत नाही, ते या एका पानाने बरेचसे साधेल.

खोताच्या वाडीला १९९०च्या दशकात वारसा म्हणून मान्यता मिळाली. तरी तिच्यातील जुन्या घरांची संख्या घटत आली आहे आणि भोवती इमारतींचे मनोरे उभे राहिले आहेत. लाकडाचे घर वाचवावयाचे तर त्याची तुळई कोठे आहे हे ठाऊक असावे लागते. भाषेचेही तसेच आहे. खेतवाडीतील बावीस वर्षांच्या तरुणाने आपल्या भाषेची तुळई कोठे आहे ते १८३६ साली दाखवून दिले. इंग्रजीचा नवा मजला चढविताना ती पाहून घेणे, एवढेच आपल्याकडे उरते.